देठाकडचा तुकडा

या, जरा पुढे सरकून बसा, मागे ऐकू येत नाही. नव्या पनवेलमधल्या एका दत्तजयंतीची गोष्ट सांगते. साल एक्याण्णव. गोष्ट तशी एका पातेल्याएवढीच आहे.

पातेलं तळमजल्यावर, सुमतीवहिनींच्या शेगडीवर रटरटत होतं. शंभर माणसांची दुधीची खीर. दुधी सोसायटीच्या मागच्या परसातले, बायकांनी आपल्या हातांनी पिकवलेले. आळं किती खोल करायचं, राख कधी टाकायची, वेलाचा शेंडा कधी खुडायचा, हे सगळं त्यांना चिंधीनं शिकवलं. चिंधी डोंगराच्या कडेच्या कातकरी वाडीतली. ही इमारत बांधताना विटा वाहायला आली होती. आज परसातलं पहिलं अन्न देवापुढे जायचं होतं आणि मग घरोघर वाटलं जायचं होतं.

बाहेर मांडवात बुवांचं आख्यान जन्माच्या जवळ आलं होतं. पाळणा झाला की नैवेद्य.

चिंधी मागच्या दाराशी आली. तीन दिवस वीटभट्टीवर होती, येताना केळीची पानं घेऊन आलेली. दाराबाहेर सालांची टोपली होती. तीत एक देठ होतं आणि देठाला लाल दोरा.

"बाय, ह्यो दुधी कुनी तोडला?"

"मीच," सुमती हसून म्हणाली. "दोरा बांधून देवासाठी राखला होतास ना? तोच आधी किसला बघ."

चिंधीच्या हातातली पानं खाली पडली.

"राखला नाय, बाय. त्यो येल कडू हाय. कुनी हात लावू नये म्हनून दोरा बांधलेला. पयला दुधी मी चाखून फेकला. येल उपटनार व्हते, पन भट्टीवरून मुकादम सोडंना."

"इश्श, दोन किलो साखर पडलीय त्यात," शेजारची रुचिरा वेलदोडे कुटता कुटता म्हणाली. "कडू कुठला राहतोय!"

"तुमी चाखला नाय?"

"नैवेद्य कोणी चाखतं का गं?"

वर्षभर चिंधीचा चहा त्या उंबऱ्याबाहेरच येत होता. आज तिनं उंबरा ओलांडला. डाव उचलला, खिरीत बुडवला, फुंकर मारली आणि जिभेला लावला. लगेच बाहेर जाऊन थुंकली.

"सांडा ही खीर."

"अगं बाई!" रुचिरा उठूनच उभी राहिली. "उष्टं केलंन! नैवेद्य उष्टा केलान! मांडवात बोलावलं नाही त्याचा राग काढतेस होय गं?"

चिंधी पातेल्यापुढे जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात सोवळं नेसलेले चारुदत्त दारात आले. ते सुमतीचे यजमान आणि सोसायटीचे सेक्रेटरी. "अगं, पाळणा सुरू झाला! पातेलं उचलू ना?"

"उष्टं झालंय," रुचिरा म्हणाली.

चारुदत्तांनी चिंधीकडे पाहिलं, मग डावाकडे. आवाज खाली आला. "वरचं थोडं काढून टाका. कोणाला कळतंय? शंभर माणसं बसलीत बाहेर."

"साहेब, पोरांला नका देऊ," चिंधी म्हणाली. "आमच्या वाडीवर बुधाजीनं असाच कडू दुधी खाल्ला. रगत वकला तो. हातचा गेला व्हता मानूस."

"बाजूला हो."

ती झाली नाही. बाहेर टाळ चढत होते. मुलांनी वाट्या घेऊन पहिली रांग धरली होती. वाट्या वाजवत होती मेली.

सुमतीच्या अंगावर सोवळं होतं. सकाळपासून पाण्याशिवाय तोंडात काही गेलं नव्हतं. तिनं मांडणीवरच्या धुतलेल्या डावाकडे पाहिलं. मग चिंधीच्या हातातला डाव घेतला. तोच. आणि खिरीत बुडवून तोंडाला लावला.

"अहो वहिनी!" रुचिरा ओरडली.

आधी साखर लागली. मग जीभ आखडली, डोळ्यांत पाणी आलं. तिला बोलता येईना. तिनं हात लांबवून शेगडी बंद केली.

"आता देवापुढे काय ठेवायचं?" चारुदत्तांनी विचारलं.

सुमतीनं मोरीत चूळ भरली, तोंड पुसलं. "अलीकडच्या वेलावर दोन दुधी आहेत अजून. चिंधी, जा, घेऊन ये." चिंधी दारापर्यंत गेली, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "आणि चाखून आण गं."

पाळणा संपला तेव्हा पाटावर चांदीची वाटी होती. वाटीत गूळ होता आणि दुधीची एक कच्ची फोड. फोडीच्या कडेला दातांची बारीक खूण. बुवांनी ती पाहिली. मग वाटीभोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

झालं, एवढंच. आता घरी जा. पण दुधी चिराल तेव्हा देठाकडचा तुकडा आधी आपल्या जिभेवर ठेवा. आणि शेजारी वाटी धाडण्याआधी आमच्या चिंधीची एकदा आठवण काढा.