दासगावचं पाणी

बसा रे, उंदरापायी डोकं कसं फुटलं ते सांगतो. भागोजीचा धाकटा भाव गणू सहा दिसांचा असताना दासगावच्या मावशीकडं दिलेला. मोठा होऊन परत आला नि बांधावरनं भागोजीवर कोयता घेऊन धावायला लागला.

"हा माझा भाव नाय! दासगावचं पाणी हाय त्ये!" भागोजीपण कोयता उगारून वरडायचा.

भागोजीचा पोरगा दीपेश मुंबैला प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतो. तो म्हनाला, "आबा, चावऱ्या उंदराचं पिल्लू गरीब उंदरीनीकडं वाढवलं तरी चावतंच. सभाव रगातातनं येतो."

भागोजी तडक बांधावर गेला. "गण्या, मेल्या, तू माझा सख्खा भाव हायेस रे!"

गणूनं धोंडा हाणला.

 

कपाळाचं रगात पुसत "आमचंच हाय, आमचंच," म्हनत भागोजी नुसता हसतोय. घरात हळद आसंल तर चिमूटभर द्या रे.