कातळावरचं तळं

संगणकावरच्या साहसी खेळांमधलं सर्वांत सुंदर दृश्य म्हणून शर्वाणीच्या चित्राला पारितोषिक मिळालं, आणि ती सकाळपासून धुमसत होती.

"काय हिरवीगार देवराई काढलीयस गं!" मावशी फोनवर म्हणाली.

"मावशी, मी कातळ काढलाय. मे महिन्यातला, रखरखीत. झाड एकही नाही त्यात!"

परीक्षकांना म्हणे बर्फ दिसला होता. हल्लीचे खेळ बघणाऱ्याचे डोळे वाचायचे आणि ज्याला जे आवडेल तेच रंगवून दाखवायचे. तिचं चित्र कुणी पाहिलंच नव्हतं.

"निदान मी तरी बघते," म्हणत तिने हेडसेट चढवला.

कातळ होता, भेगेन् भेग तिचीच. फक्त मधोमध तिने न काढलेलं निळंशार तळं होतं.

संतापून तिने हेडसेट काढायला हात उचलला. तळं फारच सुंदर होतं. हात हळूच खाली आला.