जयवंताबाईचं घमेलं

सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत मांजरी व्याली होती, आणि तपासणीचे साहेब जालन्याहून निघाले होते.

गोरक्षनाथाने झाकण हळूच परत लावलं. टाकीत पाणी असं एकदाच आलं होतं, उद्घाटनाच्या दिवशी, तेही टँकरचं. वस्तीच्या मोऱ्यांचं पाणी इथं येईल, कर्दळीच्या वाफ्यातून गाळून निघेल आणि त्यावर बाग फुलेल, असं फलकावर लिहिलं होतं. अंबडच्या या वस्तीत नळ बारा दिवसांनी येतो, हे लिहायला फलकावर जागा उरली नसावी. गोरक्षनाथ या टाकीचा राखणदार. "टाकी चालू दिसली न्हाई, तर सोमवारपासून येऊ नको," अशी तंबी त्याला फोनवर मिळाली होती.

म्हणून सकाळीच त्याने हातापाया पडून टँकर आणला. "बायांनो, धुवा! दिल खोलून धुवा! फकस्त मोरीत सोडा!"

पंधरा मिनिटांत टँकर हंड्या-पिंपांत रिकामा झाला. मोऱ्या कोरड्या ठणठणीत.

जयवंताबाई नातीला, शालूला, घमेल्यात बसवून अंघोळ घालत होती. त्याच पाण्यात मग कपडे निघणार होते, कपड्यांच्या पाण्यात फरशी, आणि उरलंसुरलं दारातल्या लिंबाला.

"मामी, तुम्ही तरी सोडा की थोडं."

"गोरक्षा, डोस्कं बराबर हाय ना तुझं? बारा दिसानं पाणी येतंय, अन् तू मोरीत सोडाय सांगून राह्यला?"

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी स्वतःच झाकण उचललं. आतून मांजरी गुरगुरली. साहेबांचे हात गंजाने बरबटले.

"सांडपाणी कुठंय?"

गोरक्षनाथाला घाम फुटला. वस्तीत वाया जाणारं पाणी तेवढंच.

साहेबांनी हात धुवायला पाणी मागितलं. जयवंताबाई शालूला घमेल्याबाहेर उभं करून तांब्या ओतू लागली आणि गोरक्षनाथाचे डोळे चमकले. खाली मोरीच होती. घाण पाणी! साहेबांच्या समोर, साहेबांचंच! "येऊ द्या मामी, येऊ द्या," तो पुटपुटला.

धार मोरीला लागायच्या आत जयवंताबाईने पायाने घमेलं खाली सरकवलं.

साहेब बराच वेळ त्या घमेल्याकडे बघत राहिले. मग हिरव्यागार लिंबाकडे. गोरक्षनाथाने मनातल्या मनात सोमवारपासूनची सुट्टी मोजायला घेतली. साहेबांनी हात रुमालाला पुसले, कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं :

'वस्तीबाहेर जाणारे घाण पाणी : शून्य. पुनर्वापर : शंभर टक्के. राखणदार अत्यंत कार्यक्षम. टाकीची क्षमता तातडीने दुप्पट करावी.'