बिल्ल्याशिवाय दाढी

“दाढी करा,” ‘सावकाश’ म्हणाला आणि सरळ खुर्चीत जाऊन बसला.

उस्तादाच्या हातातला फडका हातातच राहिला. हा समोरच्या सलूनचा मालक. हात इतका संथ की अख्खी गल्ली त्याला ‘सावकाश’ म्हणूनच ओळखायची. इतक्या वर्षांत तो कधी उस्तादाचा उंबरा चढला नव्हता. आणि आज, सलूनवाल्यांच्या युनियनची सभा तोंडावर आलेली असताना, येऊन खुर्चीत? कुठेतरी पाणी मुरत होतं.

“बिल्ला कुठाय?” उस्तादाने विचारलं.

“नाही घेतला.”

बघा! म्हणजे सापळाच.

गल्लीच्या तोंडाशी युनियनचा माणूस पत्र्याचे बिल्ले घेऊन बसायचा. गिऱ्हाइकाने बिल्ला उचलायचा, त्यावर ज्या सलूनचा आकडा निघेल तिथे जाऊन मुकाट्याने मान पुढे करायची. आवडनिवड बंद. सगळ्या खुर्च्यांना सारखी गिऱ्हाइकं. बिल्ल्याशिवाय कुणाच्या गालाला वस्तरा लावलाच, तर खुर्ची जप्त. सध्या हे सगळं ‘करून तर बघू’ म्हणून चाललं होतं. आजच्या सभेत हात वर झाले की कायमचंच होणार होतं, आणि विरोधात बोलायला उभा राहणारा उस्ताद एकटाच होता. सभेआधीच तो पकडला गेला तर अध्यक्षांना सोन्याहून पिवळं.

अध्यक्षांचं भाषण सगळ्यांना पाठ होतं. “एकाच्या दारात रांग आणि दुसऱ्याच्या दारात माश्या, हा कुठला न्याय?” ते माश्यांचं दार म्हणजे सावकाशचं. आज त्याला स्टेजवर बसवणार होते. त्याने दोन शब्द आभाराचे बोलायचे, लोकांचे डोळे पाणवायचे आणि हात आपोआप वर जायचे.

उस्तादाने दारातून बाहेर डोकावून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे नक्की लपून बसलेत, त्याने ठरवून टाकलं.

तेवढ्यात बायको आतल्या खोलीतून गरम पाणी घेऊन आली. “अहो, करून टाका ना. शेजारी आहेत ते.”

“तू मध्ये पडू नकोस. तुला यातलं काही कळत नाही.”

“कळतं की! हल्ली तुम्हाला भिंतीवरची पालसुद्धा अध्यक्षांनी पाठवलेली वाटते.”

सावकाश हसला. उस्तादाला ते हसणंही खटकलं.

पण हाकलावं तरी कसं? ‘दारात आलेल्या गरिबाला याने उठवून लावलं,’ असं हाच स्टेजवरून सांगणार. दाढी केली तर खुर्ची जाणार, नाही केली तर अब्रू. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी जे होईल ते होईल म्हणत त्याने ब्रश पाण्यात बुडवला.

साबणाचा फेस चढला. वस्तरा गालावरून फिरू लागला. एक डोळा कामावर, दुसरा दारावर.

“स्टेजवर चमकायचंय वाटतं आज?” उस्तादाने टोमणा मारला.

“बोलायचंय तिथे.”

“काय बोलणार ते माहितीये मला. माझी रांग मोडली, तुझी खुर्ची भरली. बोल बाबा, बोल. दिवसच तुमचे आहेत.”

हनुवटी वर करून सावकाशने गळा मोकळा दिला आणि डोळे मिटून घेतले. दारात अजून कोणी आलं नव्हतं. उस्तादाचा राग उतरत नव्हता, पण हात मात्र हळू झाला. जिवणीच्या कोपऱ्यातली, कानाच्या पाळीखालची एकेक जागा तो निगुतीने करायला लागला. हे त्याचं त्यालाच जाणवलं, आणि लाज वाटली. कारण बिल्ले आल्यापासून त्याने इतकी मन लावून एकही दाढी केली नव्हती. करायची कशाला? चांगली केली तरी ते गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याच्या खुर्चीत, वाईट केली तरी नवीन येणारच. पाट्या टाकत होता तो. अख्खी गल्लीच टाकत होती.

त्याने गालावर तुरटी फिरवली आणि आरसा पुढे धरला. सावकाशने उलटा हात फिरवून पाहिला. मान डोलावली.

“कोण कोण आहे बाहेर?” उस्तादाला राहवलं नाही. “बोलव त्यांना. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे.”

“कोणी नाही हो. मी एकटाच आलोय.”

“मग बिल्ला का नाही घेतलास? बिल्ल्यावर कुणाकडेही झाली असती.”

“म्हणूनच नाही घेतला. आज मनाने ठरवून कुणाकडे तरी जावंसं वाटलं. तुमचा हात मला पहिल्यापासून आवडतो.” सावकाश खुर्चीतून उठला, खांद्यावरचा टॉवेल त्याने स्वतःच घडी करून ठेवला. “आणि हेच सांगणार आहे मी स्टेजवर. बिल्ले नकोत म्हणून.”

उस्ताद बघतच राहिला. “तुला नकोत? अरे, सगळा खटाटोप तुझ्यासाठी चाललाय! तुझी खुर्ची रिकामी नसते आता.”

“नसते ना. दिवसभर भरलेली असते.” सावकाश दाराशी थांबला. “पूर्वी माझ्याकडे एक म्हातारे मास्तर यायचे. तुमची रांग ओलांडून, मला हाक मारत यायचे. परवा बिल्ल्याने त्यांना माझ्याकडेच पाठवलं. खुर्चीत बसले, दाढी झाली, उठून गेले. मला ओळख दिली नाही की मान वर करून पाहिलं नाही.”

“का बरं?”

“कुणाकडे आलोय, हे आता बघतंय कोण?”