देवीला ठाऊक

कावळा येत नव्हता, आणि सावळीराम खुशीत होते.

रामकुंडावर पिंड मांडून दोन तास झाले होते. समोरच्या पत्र्यावर अकरा कावळे ओळीने बसले होते. पण इथल्या कावळ्यांना भुकेपोटी खाली उतरावं लागत नाही. ते निवडून जेवतात.

किशोर सात वर्षांपूर्वी एका सकाळी घरातून नाहीसा झाला. जिवंत आहे की नाही, हे पोलिसांनी ठरवलं नाही, पेपरातल्या फोटोने ठरवलं नाही. ते शेवटी त्याच्या बहिणीच्या, वेदिकाच्या लग्नपत्रिकेवर येऊन अडलं. भावाचं नाव नुसतं छापायचं की आधी 'कै.' लावायचं, तेवढं कळवा, असं मुलाकडच्यांनी नम्रपणे विचारलं. मग नातेवाईक जमले, चहा झाला, आणि किशोर वारल्याचं बहुमताने ठरलं. देह नसला की पळसाच्या पानांचा करतात. तसा केला, तो जाळला. आज दहावा.

मत फक्त वडिलांचं विरोधात होतं. सावळीराम एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कळवणच्या स्टँडवर तीस वर्षं त्यांनी लोकांना "येईल, येईल" एवढंच सांगितलं, आणि शेवटी त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. रोज संध्याकाळी घरातल्या सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे ते दिवा लावत आणि म्हणत, "देवीला सगळं ठाऊक आहे. वेळ झाली की सांगेल."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भ हातात घेतले. खरा कावळा आला नाही, तर गवताचा करून पिंडाला शिववतात.

"ते खाली ठेवा," सावळीराम म्हणाले. "पोरगा पानांचा केलात. आता कावळाही गवताचा? खरा शिवला तर मी मानीन. नाही शिवला तर माझा किशोर जिवंत आहे. पुन्हा कोणी विषय काढायचा नाही."

मेव्हणा दिनेश पुढे झाला. त्याने हात जोडले. "भाच्या, तुझी मोटारसायकल मी नीट सांभाळीन." ती सात वर्षं तोच चालवत होता. कावळे हलले नाहीत.

काका गोटीराम म्हणाले, "वेदीचं लग्न थाटात करू रे बाबा!" एका कावळ्याने मान वळवली, ती दुसऱ्याच्या पिंडाकडे.

"दाजी, ऊन तापलं," दिनेश म्हणाला.

"तापू दे. देवी बोलतीये, ऐका जरा."

आणि सावळीराम हसले. सात वर्षांत त्यांचे दात कोणी पाहिले नव्हते. वेदिकाने ते पाहिलं आणि आईचा हात धरला. "राहू दे आई. नानांना घेऊन घरी जाऊ. पत्रिकेचं बघू नंतर." एवढं बोलून ती रडायला लागली.

"आईने एकदा बोलून पाहावं," गुरुजी म्हणाले.

कुसाबाईंनी नवऱ्याच्या हसऱ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग मुलीकडे. मग त्या उठल्या, पिंडापाशी वाकल्या, तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटल्या.

त्या सरळ उभ्या राहायच्या आत कावळा उतरला.

सावळीरामांनी सवयीने घड्याळ पाहिलं. "अकरा बावन्न," ते म्हणाले, आणि पायरीवर खाली बसले.

रिक्षात त्यांनी विचारलं, "काय म्हणालीस गं त्याला?"

"तुम्हाला सांभाळीन म्हटलं."

"एवढ्यासाठी अडून बसला होता? येडा."

त्या संध्याकाळी त्यांनी दिवा लावला नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "तिला ठाऊक होतं ना? मग सात वर्षं बोलली का नाही?"

"तिच्या मनातलं आपल्याला काय कळणार," कुसाबाई म्हणाल्या.

मग दिवा त्यांनीच लावला. तसबीर जरा पुढे ओढली आणि मागून घडी घातलेला एक कागद काढला. किशोर नाहीसा झाला त्या सकाळी तो त्यांना पिठाच्या डब्यात सापडला होता. देवीला खरंच सगळं ठाऊक होतं.

'आई, मला आता जगणं जमत नाही. मी गेलो असं समज. नानांना सांगू नकोस. त्यांना वाट बघता येते.'

कुसाबाईंनी कागद ज्योतीवर धरला. बोटांना चटका बसेपर्यंत सोडला नाही. रामकुंडावर त्या पिंडापाशी वाकून एवढंच म्हणाल्या होत्या, "नाही सांगितलं रे राजा. नाही सांगणार."