दोन पट्ट्यांची पासोडी

उजवी पट्टी:
ही मल्हारीने विणली. सुती ताण्यावर लाल लोकरीची फुलं. माग अरुंद, म्हणून लेकीची पासोडी दोन पट्ट्यांत विणून मधोमध शिवायची होती.

डावी पट्टी:
मल्हारी तापाने पडला, म्हणून ही त्याच्या बायकोने, सगुणाने विणली. तिचा हात जड. धागे घट्ट ठोकले गेले आणि फुलं बसकी आली.

शिवण:
दोन्हीकडची फुलं एकमेकांना भेटेनात.

“व्याही हसतील. तुझी पट्टी उकलतो,” मल्हारी म्हणाला.

“सकाळी पोरीची गाडी निघणार, आणि आता माग मांडता?”

लेकीने पट्ट्या मांडीवर ओढल्या. “राहू द्या, आबा. तुमची उंच, आईची बुटकी. सासरी पांघरली, की तुम्ही दोघं शेजारी उभे दिसाल.”

“बुटकी कोण गं?” म्हणत सगुणाने सुईत दोरा ओवला.

मल्हारीने दोन्ही कडा धरल्या.