नोकरी कधी सोडली?

एमबीएच्या अर्जाला जुन्या साहेबांचं शिफारसपत्र लागतं. माझे जुने साहेब म्हणजे मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्याचे मालक, शिरधनकरकाका. पदवी झाल्यावर तीन वर्षं त्यांचं ऑफिस मीच सांभाळलं. तिथे राजीनामा वगैरे कोणी देत नाही. शेवटच्या दिवशी दारातून "येते, काका" म्हटलं आणि पुण्याची गाडी पकडली.

शिफारशीसाठी फोन केला तेव्हा काका म्हणाले, "लिहितो गो रेणुका. तुझ्याबद्दल वाईट काय लिहायचंय?" कॉलेजने मेलवर पाठवलेला फॉर्म त्यांनी स्वतः बसून भरला. मुलाला हातसुद्धा लावू दिला नाही म्हणे.

महिन्याभराने कॉलेजचं उत्तर आलं. नोकरीबद्दल मी दिलेली आणि काकांनी दिलेली माहिती जुळत नव्हती, म्हणून अर्ज बाद. मी ते वाचलं, लॅपटॉप मिटला आणि कुकर लावला. भात झाल्यावर काकांना फोन केला. राग आला नव्हता. नुसतं विचारायचं होतं.

"काका, नोकरी कधी सोडली, या प्रश्नाला तुम्ही काय लिहिलंत?"

"सोडलेली नाय, असं लिहिलं."

"अहो, मला पुण्याला येऊन दोन वर्षं झाली."



"होय, पण जाताना 'येते' म्हणालीस ना गो. मी अजून दुसरं कोणाला ठेवलं नाय."